चिडिया टापूची बर्डिंग ट्रिप – पैसे वसूल, पण तो स्पीकर आवरा

मागच्या वेळी अंदमानला गेलो तेव्हा सेल्युलर जेल, सावरकरांची कोठडी, हॅवलॉकची बोट, झालं, परत. या डिसेंबरात बायकोने हट्टच धरला की एक दिवस फक्त पक्षी, म्हणून पोर्ट ब्लेअरहून गाईड आणि गाडी असं पॅकेज घेतलं. गाडी पहाटे साडेचारला दारात, वेळेच्या बाबतीत पैकीच्या पैकी मार्क.

चिडिया टापू शहरापासून साधारण २५ किमी. उतरून दहा मिनिटं झाली नसतील तर पोराने (गाईड म्हणजे तिशीतला पोरगाच) खांद्याला हात लावून वर दाखवलं, काळाकुट्ट सुतार, डोक्यावर लालभडक तुरा, आणि वाळक्या खोडावर असा ठोकत होता की सालीचे तुकडे आमच्या टोपीवर पडत होते. हा फक्त अंदमानातच सापडतो. तिथला भारद्वाज पण बघा, आपल्यासारखा काळा नाही, मातकट तपकिरी, मी आधी ओळखलाच नाही. टकाचोर, कोतवाल, सर्पगरुड, सगळ्यांची अंदमानी आवृत्ती वेगळी, आणि पोराला सगळ्यांचे आवाज पाठ.

येताना सिप्पीघाटला थांबलो. २००४ च्या त्सुनामीत इथली जमीन खचून शेतात खारं पाणी शिरलं ते तिथेच राहिलं, आता त्यात बदकं. डोळ्याभोवती पांढरं कडं असलेलं अंदमान टील गाईडच्या स्कोपमधून मस्त दिसलं. पण माझा फेवरेट मात्र पक्षी नाहीच, चहाच्या टपरीवर केळ्याच्या घडावर बसलेली पोपटी हिरवी पाल, भर उन्हात, निवांत केळं चाटत. बायको पालीला बघून किंचाळते, तिने हिचे चाळीस फोटो काढले.

आता तक्रार. तिकडे पाचलाच अंधारायला लागतं (घड्याळ आपलंच, पण बेट केवढं पूर्वेला), मग घुबडं शोधायला परत टापूवर. तिथे पोराने ब्लूटूथ स्पीकरवर घुबडाचा आवाज लावला, एकदा ठीक आहे हो, पण वीस मिनिटं सलग? बिचारं घुबड दुसरा कोण आला म्हणून येरझाऱ्या घालत होतं. मी बंद कर म्हटलं तर म्हणतो सर, गेस्ट लोकांना फोटो पाहिजे असतो. आम्हाला नको होता.

आणि यांच्या पत्रकावर धनेशाचा मोठा फोटो आहे, त्याला भुलू नका. तो धनेश फक्त नारकोंडम बेटावर राहतो, जेमतेम सात चौरस किमीचं बेट, तिथे टुरिस्ट पॅकेजवाले नेत नाहीत. विचारल्यावर पोरगा नुसता हसला.

पाचपैकी साडेतीन. बुक करतानाच स्पीकर नको म्हणून सांगा, आणि ओडोमॉस न्या, आमचं हॉटेलातच राहिलं.