चिपवर ४५५८डी छापलं होतं, आत भलतंच निघालं

फसलो. आधी हे लिहून टाकतो म्हणजे पुढचं लिहायला जरा कमी लाज वाटेल. बरीच वर्षं गिटार वाजवतोय, सोल्डरिंग येतं, डेटाशीट वाचता येते, आणि तरी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून चार 'व्हिंटेज', म्हणजे जुन्या काळातल्या, ऑप-अँप (सिग्नल मोठा करणाऱ्या चिप) घेतल्या, साध्या चिपच्या कितीतरी पट पैसे मोजून, आणि वर महिनाभर ओळखीच्या सगळ्यांना पकडून पकडून ऐकवत बसलो की बघ काय टोन आलाय.

माझ्याकडे एक घरी बनवलेलं ट्यूब स्क्रीमर, म्हणजे गिटारचा आवाज खरखरीत करणारं पेडल, आहे, चिप काढता-घालता यावी म्हणून सॉकेट लावलेलं. त्यात साधी, नवी ४५५८ नंबरची ऑप-अँप होती. आता या पेडलच्या नादी लागलेल्या कुणालाही विचारा, त्याच्या जुन्या टीएस८०८ मॉडेलमधली जपानी जेआरसी कंपनीची ४५५८डी म्हणजे जणू देव्हाऱ्यातली मूर्ती. खरं तर त्या काळातल्या टीएस८०८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची आरसी४५५८पी पण सापडते, म्हणजे एकच एक जादूची चिप असं काही नव्हतंच. हे मला माहीत होतं बरं का. तरी घेतल्या.

त्याची जाहिरात भारी होती. जुना स्टॉक, कधीही न वापरलेला, १९८१ चा डेट कोड (चिप कधी बनली ते सांगणारा), आणि 'हाय-गेन सिलेक्टेड', म्हणजे सिग्नल जास्त पटीने मोठा करणाऱ्या निवडक चिप. मी विचारलं सिलेक्टेड म्हणजे नेमकं काय मोजलं, तर म्हणे "दादा, हे मीटरवर दिसत नाही, कानाला कळतं." इथेच थांबायला हवं होतं.

कारण या पेडलमध्ये गेन चिप ठरवतच नाही. कागदावर मांडून बघा, पहिल्या स्टेजच्या फीडबॅकमध्ये (आउटपुटकडून इनपुटकडे परत येणाऱ्या वाटेवर) ५१ किलोओहमचा रेझिस्टर आणि ५०० किलोओहमचा ड्राइव्ह पॉट (फिरवायचं बटण), खाली ४.७ किलोओहम. ड्राइव्ह पूर्ण उघडला की ५५१ भागिले ४.७ अधिक एक, म्हणजे साधारण ११८ पट, बंद केला की जेमतेम १२. हे रेझिस्टरचं काम झालं, चिप जपानी असो की कुठलीही. क्लिपिंग, म्हणजे लाटेची टोकं छाटायचं काम, करतात फीडबॅकमधले डायोड. ४५५८ ची गेन-बँडविड्थ (गेन गुणिले त्या गेनला ती पोचते ती फ्रीक्वेन्सी) सुमारे ३ मेगाहर्ट्झ, तिला ११८ ने भागलं तरी २५ किलोहर्ट्झ उरतात, आणि फुल ड्राइव्हला ५१ पिकोफॅरडचा कपॅसिटर त्याच्या कितीतरी आधी, साडेपाच-पावणेसहा किलोहर्ट्झपासूनच वरचा भाग कापायला लागतो. मग चिपमधून जास्तीचा गेन येणार कुठून? हे गणित मी स्वतः दुसऱ्याला समजावून सांगितलेलं आहे, फक्त पैसे भरताना आठवलं नाही.

चिप लावली आणि आवाज खरंच वेगळा आला. हीच तर गोची. नोट वाजते तोवर सगळं नेहमीसारखं, पण विझायला लागली की शेवटी एक बारीक चरचर, जणू स्पीकरच्या कागदावर वाळूचा कण पडलाय. विक्रेत्याला कळवलं तर लगेच उत्तर, "तीच तर व्हिंटेज ग्रिट, नवीन चिपमध्ये मिळणार नाही." आणि मला ते पटलं! दोषालाच त्याने गुण म्हणून गळ्यात मारलं आणि मी तो गळ्यात घालून मिरवला.

भांडं फुटलं ते मित्रामुळे. तो म्हणाला तू भिंतीकडे तोंड करून बस, मी चिप बदलतो. हातातला फरक नको म्हणून एकच तुकडा पेडलशिवाय क्लीन लूपरमध्ये (वाजवलेलं साठवून परत परत ऐकवणारं यंत्र) रेकॉर्ड केला आणि तोच पेडलमधून सोडला. तीन चिप, माझी आधीची साधी ४५५८, एक टीएल०७२ (दुसऱ्याच जातीची ऑप-अँप) आणि ही महागडी. पहिल्या दोन मला ओळखता आल्या नाहीत, अगदी नाणं उडवल्यासारखे अंदाज, आणि तोवर मी टीएल०७२ ला 'कोरडी' म्हणून नाकं मुरडत होतो. महागडी मात्र दर वेळी ओळखली, त्या चरचरीवरून. मी खूश. तर तो म्हणतो, "दर वेळी ओळखतोस म्हणजे ती चांगली असं नाही ना रे, वेगळी आहे एवढंच. आणि ४५५८ ही ४५५८ पेक्षा इतकी वेगळी का असेल?"

मग मल्टीमीटर काढला. ब्रेडबोर्डवर ९ व्होल्टची बॅटरी, एका चिपमधले दोन्ही ऑप-अँप बफर म्हणून (गेन एक ठेवून) जोडून ४.५ व्होल्टवर ठेवले आणि वीजपुरवठ्याच्या आठ नंबरच्या पिनमध्ये जाणारा करंट मोजला. साध्या ४५५८ ला अडीच-तीन मिलीअँप. या व्हिंटेजवाल्या चारही चिपना अर्ध्या मिलीअँपच्या जरासं वर. पोटात गोळाच आला. मग आउटपुट पूर्ण खाली ढकलून बघितलं, ४५५८ तळाला टेकत नाही, व्होल्टभर वरच अडकते. या टेकल्या, अगदी शून्याजवळ. इतका कमी करंट पिणारी आणि जमिनीला टेकणारी आठ पायांची ड्युअल चिप म्हणजे एलएम३५८, निदान त्याच जातीची. कुठेही ढिगाने मिळणारी. तिच्या आउटपुट स्टेजमध्ये क्रॉसओव्हर डिस्टॉर्शन, म्हणजे लाट मध्य ओलांडताना तिला पडणारी खाच, असतं, मोठ्या सिग्नलमध्ये लपतं आणि नोट बारीक झाली की डोकं वर काढतं. माझी व्हिंटेज ग्रिट ती हीच.

अॅसिटोनमध्ये कापूस बुडवून एक चिप घासली तर कापूस काळा झाला. इथे एक सांगतो, नुसती अक्षरं पुसली गेली तर लगेच चोर चोर ओरडू नका, खऱ्या चिपवरची शाईही कधी कधी जाते. पण काळा थरच निघून खाली घासल्याच्या बारीक रेषा दिसल्या तर ती चिप रंगवलेली आहे. माझ्या चिपच्या पहिल्या पिनजवळच्या खळग्यातही रंग साचला होता, आणि चाळीस वर्षं पडून राहिलेल्या मालाचे पाय आरशासारखे चकचकीत, हे तर मला पाकीट उघडतानाच दिसायला हवं होतं. दिसलं नाही कारण मी अक्षरंच वाचत होतो.

चिपने फरक पडतच नाही असंही कुणी समजू नका. रॅट नावाच्या दुसऱ्या डिस्टॉर्शन पेडलमध्ये पडतो. तिथे गेन दोन हजार पटीच्या वर जातो आणि त्यातल्या जुन्या एलएम३०८ चिपचा स्ल्यू रेट (आउटपुट किती वेगाने हलू शकतं तो) फक्त ०.३ व्होल्ट प्रति मायक्रोसेकंद, टीएल०७२ चा १३, त्यामुळे एलएम३०८ ची धावताना दमछाक होते आणि वरची धार बोथट होते, ती लोकांना आवडते. म्हणूनच एलएम३०८ च्या नावाने पण असलाच माल फिरत असणार, ती घ्यायची असेल तर डोळे उघडे ठेवा. ट्यूब स्क्रीमरमध्ये मात्र आउटपुट एवढं हलतच नाही की स्ल्यू रेट आड यावा.

विक्रेत्याला फोटो आणि आकडे पाठवले. आधी म्हणाला सॉकेटमध्ये घातलेला माल परत घेत नाही, मग म्हणाला मल्टीमीटर खराब असेल, मग म्हणाला "तुमचे कान अजून तयार नाहीत", आणि मग ब्लॉक. पैसे गेले. तक्रारीची मुदतही उलटून गेली होती, कारण ती मुदत मी टोनचं कौतुक करण्यात घालवली.

परवा मित्राच्या अकाउंटवरून त्याची जाहिरात परत बघितली. नवा लॉट आलाय म्हणे, फोटोत तोच टाइप, तेच चकचकीत पाय, फक्त डेट कोड आता १९७९ चा आहे.