नानांच्या खोलीचं दार आणि पितळी बॉल कॅच

आमच्या कोथरूडच्या फ्लॅटमध्ये सासऱ्यांच्या खोलीचं दार लोटलं की दोन मिनिटांत आपसूक उघडायचं. एसी चालू, दार सताड, आणि बाहेर टीव्ही. लॅच होतं, पण ते लागायला हँडल फिरवून दार ओढून घ्यावं लागे. नानांच्या बोटांना संधिवात, एका हातात काठी. ते दार लोटून पुढे जाणार, हँडल धरणार नाहीत.

बिल्डिंगमधल्या प्रत्येकाकडे यावर एकेक उपाय होता. कोणी खाली घडी केलेला कागद सरकवा म्हणालं, कोणी डोअर क्लोजर बसवा. दाराच्या वर बसणारा हायड्रॉलिक क्लोजर मी बघून आले. दार बंद करतो खरा, पण उघडताना त्याच्या स्प्रिंगशी झटावं लागतं. नानांना ते कसं झेपणार? मॅग्नेटवाला कॅचर म्हणून जो दाखवतात तो बहुतेक वेळा दार उघडं धरून ठेवायला असतो, आणि किचनच्या कपाटाचं मॅग्नेट एवढ्या जड फ्लश डोअरला दाद देत नाही.

शेवटी रविवार पेठेत बोहरी आळीतल्या एका हार्डवेअरवाल्याने बॉल कॅच काढून दिला. बोटाच्या पेराएवढी पितळी नळी, तोंडाशी स्प्रिंगवर दबणारी गोळी. नळी दाराच्या कडेत आत बसते, गोळी तेवढी बाहेर डोकावते. समोर चौकटीवर खळगा असलेली पट्टी. दार ढकललं की गोळी दबते आणि खळग्यात टक् करून बसते. ओढलं की सुटते. फिरवायचं काही नाही. किंमत १८० रुपये. शेजारी ६० रुपयांचाही होता, लोखंडावर पिवळा मुलामा दिलेला. चुंबक लावलं की लगेच कळतं: अस्सल पितळेला ते चिकटत नाही.

बसवायला आमचे नेहमीचे सुतारकाका आले. पिशवीतून आधी ओळंबा निघाला. चौकटीला लावून म्हणाले, "ताई, बिजागरीच्या बाजूने चौकट वरून पुढे झुकलीय. दाराचा काय दोष?" मग वरच्या बिजागरीचे स्क्रू हलवून बघितले, दोन नुसतेच फिरत होते. भोकांत फेव्हिकॉल लावून काडेपेटीच्या काड्या ठोकल्या, वर लांब स्क्रू पिळले. दार थोडं वर उचललं गेलं आणि खाली फरशीला घासायचं थांबलं. एवढ्यानेच कित्येक घरांतलं जुनं लॅच परत खाचेत बसत असेल, कारण दार ओघळलं की लॅचची जीभ पट्टीच्या भोकाखाली जाते. तुमची तक्रार तशी असेल तर बॉल कॅच घेऊच नका, बिजागरी आवळा. आमच्याकडे मात्र चौकटच कललेली, म्हणून दार पुन्हा हळूहळू उघडलंच.

मग खरं काम. कडेत ड्रिलने सरळ भोक पाडणं अवघड वाटलं होतं, पण दार ३५ मिलिमीटर जाडीचं आणि कडेला लिपिंग, म्हणजे भरीव लाकडाची पट्टी, असल्यामुळे झालं. पट्टी कुठे बसवायची ते ठरवायला काकांनी देवघरातलं कुंकू मागितलं. पाण्यात कालवून गोळीला लावलं आणि दार बंद केलं. चौकटीवर लाल रेघ उमटली. ती जिथे संपली तिथे खळग्याचा मध्य. नाना खुर्चीतून म्हणाले, "चौकटीची ओटी भरताय की काय?" पटाशीने पट्टीपुरतं लाकूड कोरलं, पण फट जरा जास्त निघाली. गोळी जेमतेम टेकत होती. पट्टीखाली जुन्या लग्नपत्रिकेचा जाड तुकडा घातला, तेव्हा पकड आली.

महिनाभर वापरून सांगते. नाना कोपराने दार ढकलतात, बसतं. आतून कडी नाही, त्यामुळे अडकायची भीती नाही. रात्री मला पटकन आत जाता येतं. ज्यांना एकांत हवा त्यांनी वर टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी, ठेवावा. आवाज येतो, आणि मध्यरात्री तो चांगलाच ऐकू येतो. समोरासमोरच्या खिडक्या उघड्या असताना वाऱ्याच्या झोताने दार दोनदा सुटलं. आमच्या मॉडेलला मागे ताण वाढवायचा स्क्रू आहे, काकांनी तो थोडा पिळून दिला. जास्त पिळला असता तर नानांनाच जोर लागला असता. पावसाळ्यात दार फुगल्यावर काय होतं ते अजून बघायचंय. गोळीला तेल मात्र घालू नका, धूळ धरते. मेणबत्ती घासा.

ग्रॅनाइटच्या चौकटीला हे बसवायच्या भानगडीत पडू नये. दगड कोरणं सुताराचं काम नाही. लाकडी चौकट असेल आणि घरात म्हातारं माणूस असेल तर डोळे झाकून घ्या, फक्त ६० रुपयांचा नको. मजुरी ४०० रुपये झाली, चहा वेगळा. दुसरा कॅच मी आत्ताच आणून ठेवलाय, आमच्या बेडरूमला. काका दिवाळीनंतर येतो म्हणालेत.