पाच मीटरचा लांब पट्टा, क्लिकर आणि एक वही: आठ महिन्यांच्या वापरानंतर

कुत्र्याच्या पिल्लाला ‘बस’, ‘थांब’, ‘ये’ शिकवण्यासाठी मिळणारं जवळपास सगळं सामान पहिले दोन महिने चांगलंच वाटतं. त्याची पारख नंतर होते, काल दहापैकी नऊ वेळा हाकेला येणारं पिल्लू आज मान वळवूनही बघत नाही तेव्हा. त्यामुळे हा अनुभव सामानापुरता नाही. शिकलेलं अचानक विस्कटल्यावर यातलं नेमकं काय उपयोगी पडलं, ते इथे लिहिलं आहे.

वापरलेला संच असा: बायोथेनचा (प्लास्टिकचा थर दिलेल्या पट्टीचा) पाच मीटर लांब पट्टा, छातीवर वाय आकारात बसणारा हार्नेस, बटणाचा क्लिकर (पिल्लाने बरोबर केलं त्याच क्षणी ‘टक्’ वाजवायचा, मग खाऊ द्यायचा), कमरेला लावायची सिलिकॉनची खाऊची पिशवी आणि साधी शंभर पानी वही. इंडी, म्हणजे देशी, पिल्लू दहा आठवड्यांचं असल्यापासून दहा महिन्यांचं होईपर्यंत रोज तीन वेळा, दर वेळी तीन ते पाच मिनिटं.

सर्वांत जास्त किंमत वसूल झाली ती वहीची. प्रत्येक सरावाची एक ओळ: तारीख, शब्द, जागा, अंतर किंवा सेकंद, आणि दहापैकी किती वेळा जमलं. आठ किंवा जास्त जमलं तर पुढची पायरी, सहा-सात असेल तर तिथेच थांबायचं, पाच किंवा कमी तर एक पायरी मागे. हे लिहिलं नाही तर माणूस मनातल्या हिशोबावर चालतो, आणि तो हिशोब नेहमी चांगल्या दिवसाचाच असतो. घरात ‘थांब’ तीस सेकंद टिकतं म्हणून सोसायटीच्या गेटवर तीस सेकंद मागितले जातात. गेटवर मांजर आहे, स्कूटर आहे, भाजीवाला आहे. तिथे पाच सेकंदांपासूनच सुरुवात करायला हवी. वेळ, अंतर आणि आजूबाजूची गडबड या तिन्हींपैकी एका वेळी एकच वाढवायचं, आणि एक वाढवताना बाकीची दोन कमी करायची. ‘अचानक बिघडलं’ असं वाटणाऱ्या बऱ्याच दिवसांचं कारण वहीत सापडतं: आदल्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम वाढवलेल्या असतात. अशा वेळी शेवटचा ‘आठ’ ज्या पानावर आहे तिथे परत जायचं. दोन-तीन दिवस तिथेच राहिलं की गाडी बहुधा रुळावर येते.

लांब पट्ट्याचं महत्त्व सहाव्या महिन्यानंतर कळतं. 2020 साली इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात पाच महिन्यांच्या वयाच्या तुलनेत आठव्या महिन्यात कुत्री स्वतःच्या माणसाचं ‘सिट’ कमी ऐकत होती, अनोळखी माणसाच्या बाबतीत मात्र तशी घसरण दिसली नाही. हा वयाचा भाग आहे, तो ओसरतो. पण या काळात पिल्लू मोकळं सोडून हाका मारत राहिलं, तर ‘ये’ म्हटल्यावर न आलं तरी चालतं हेच ते रोज शिकतं. पट्टा ही शिकवणी थांबवतो.

वापरायची रीत नीट सांगते. पट्टा हार्नेसच्या पाठीवरच्या कडीला लावायचा, गळपट्ट्याला कधीच नाही. पाच मीटर धावून बसणारा झटका मानेवर गेला तर इजा होते. पट्टा जमिनीवर सैल असू द्यायचा. हाक एकदाच. तीन सेकंदांत मान वळली नाही तर दुसरी हाक नाही, ओढायचंही नाही. पट्टा हातात गोळा करत पिल्लाच्या दिशेने चालायचं, त्याचं लक्ष गेलं की चार पावलं मागे पळायचं. आलं की वाटाण्याएवढे चार-पाच तुकडे एकामागून एक द्यायचे आणि ‘जा’ म्हणून परत हुंगायला सोडायचं. हा शेवटचा भाग बहुतेक जण गाळतात. दर वेळी ‘ये’नंतर पट्टा आवळून घरी नेलं, तर ‘ये’ म्हणजे मजा संपली असाच अर्थ पिल्लू लावतं.

मराठी घरांत आणखी एक अडचण येते, तिच्याकडे कुणाचं फारसं लक्ष नसतं. ‘बस’ आणि ‘ये’ हे शब्द दिवसभर घरात हवेत असतात. ‘बस झालं’, ‘इथे बस ना’, ‘इकडे ये’, ‘ये रे बाळा’. त्यातल्या बहुतेक वेळा पिल्लाकडून काहीच अपेक्षित नसतं, म्हणून शब्द बोथट होतो. त्यातच आजी ‘खाली बस’ म्हणते आणि बाबा ‘सिट’. एकदा शब्द असा वाया गेला की तो दुरुस्त करत बसू नये. बोलावण्यासाठी शिट्टी आणि बसण्यासाठी ‘सिट’ असं नव्याने, घरातल्या एकाच खोलीत, पहिल्या पायरीपासून सुरू करावं. शरीराची सवय तयार असते, त्यामुळे नवा शब्द पहिल्यापेक्षा बराच लवकर बसतो.

क्लिकरला मधले गुण. नेमका क्षण टिपायला तो आवाजापेक्षा अचूक आहे, पण आवाजाला बिचकणारं पिल्लू क्लिकलाही दचकतं. तेव्हा तो मोज्यात गुंडाळावा किंवा त्याऐवजी ‘हां’ हा छोटा शब्द ठरवावा. पावसाळ्यात आतली पत्री गंजते, आवाज बदलतो, म्हणून एक जादा ठेवावा.

खाऊच्या पिशवीमुळे मात्र एक घसरण होतेच होते: कमरेला पिशवी दिसली तरच पिल्लू ऐकतं. खाऊ आधी दाखवून काम मागण्याचा हा परिणाम. पिशवी फळीवर ठेवायची, रिकाम्या हाताने ‘सिट’ मागायचं, जमल्यावर ‘हां’ म्हणून फळीकडे एकत्र जायचं. खाऊ म्हणून मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन किंवा पनीर उत्तम. मनुका, चॉकलेट, कांदा अजिबात नाही. चार ते सहा महिन्यांत दात बदलत असताना कडक बिस्किटं घेतली जात नाहीत आणि ‘सोड’ बिघडतं. हिरड्या दुखत असतात, तेवढे दिवस मऊ खाऊ द्यावा.

ढोल-ताशा आणि फटाक्यांच्या दिवसांत काहीही शिकवू नये. एक साधं माप आहे: पिल्लू चिकन घेत असेल तर अंतर बरोबर आहे, घेत नसेल तर आवाजापासून आणखी लांब न्यावं. भेदरलेल्या पिल्लाला ‘बस’ म्हणणं निरुपयोगी आहे आणि शब्दही त्या भीतीशी जोडला जातो. जवळ आलं तर बिनधास्त कुशीत घ्यावं. धीर दिल्याने भीती वाढत नाही.

अंगावर उड्या किंवा लक्ष वेधण्यासाठी भुंकणं दुर्लक्षाने सोडवत असाल, तर चौथ्या-पाचव्या दिवशी ते आधीपेक्षा वाढू शकतं. जे चालायचं ते चालेनासं झालं म्हणून पिल्लू जोर लावून बघतं. नेमकं तेव्हा कुणी ‘अगं गप्प’ म्हणून उचललं, तर जोर लावला की जमतं हे पक्कं होतं. चारही पाय जमिनीवर असताना मात्र लगेच, भरभरून लक्ष द्यायला हवं. नुसतं दुर्लक्ष अर्धंच काम करतं.

आणि काही घसरणी शिकवण्याच्या नसतातच. घरात शू करायचं थांबलेलं पिल्लू पुन्हा थोडी थोडी, वारंवार करू लागलं तर आधी लघवीची तपासणी, मग दर दोन तासांनी बाहेर नेणं. ती जागा एन्झाइमच्या क्लीनरने पुसावी. फिनेल आपल्या नाकापुरता वास झाकतं, पिल्लाच्या नाही. पटकन बसणारं पिल्लू ‘सिट’ला कचरू लागलं तर कंबर, मागचे पाय, शेपटीखालच्या ग्रंथी डॉक्टरांना दाखवाव्यात. पावसाळ्यात सुस्ती आली तर कानात आणि बोटांच्या बेचक्यांत गोचिडी शोधाव्यात, तापमान घ्यावं. 101 ते 102.5 फॅरनहाइट नेहमीचं, त्यावर गेलं तर गोचीड तापाची रक्त तपासणी लांबवू नये.

सामानाच्या तक्रारी दोन. हार्नेस पाचव्या महिन्यात लहान झाला आणि काखेत घासू लागला. पिल्लू ‘चालायला नकार’ देत होतं त्यामागे तेवढंच कारण होतं. दर आठवड्याला पट्टीखाली दोन बोटं सहज जातात का ते बघावं. पट्ट्याचा हूक माती अडकून अर्धवट मिटतो, म्हणून फिरून आल्यावर पाण्याखाली धुऊन उघड-मीट करून बघावा, आणि टोकाचा हातात धरायचा फास कापून टाकावा, नाहीतर तो झुडपात अडकतो. नायलॉन नको, हात भाजून निघतो. आपोआप गुंडाळणारा डबीचा पट्टाही नको, त्याला सतत ताण असतो आणि ओढलं की पुढे जाता येतं हेच पिल्लू शिकतं.