पेनड्राइव्ह की एचडीएमआय केबल?

ताई, आईबाबांना घेऊन कोकणात निघाली आहेस, तर खोलीतल्या टीव्हीवर सिनेमा लावायला काय न्यावं?

खर्च दोन्हींचा किरकोळ. न्यायला पेनड्राइव्ह सोपा, पण त्याचे नखरे फार. फॅट३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये (म्हणजे फाइल साठवायच्या पद्धतीत) केलेला असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यात जातच नाही. एक्सफॅट या नव्या फॉरमॅटमध्ये केला तर बरेच जुने टीव्ही तो ओळखत नाहीत. डीटीएस या प्रकारातला आवाज असलेली फाइल असली की कित्येकदा चित्र दिसतं, आवाज गायब! केबलला ही कटकट नाही, लॅपटॉपवर चालतं ते टीव्हीवर दिसतं. फक्त भिंतीला चिकटलेल्या टीव्हीमागचा पोर्ट बोटांनी चाचपडत शोधावा लागतो, म्हणून २ मीटरची घे.

लॅपटॉप सोबत असेल तर केबलच. नसेल तर पेनड्राइव्ह, पण सिनेमा आधी घरच्या टीव्हीवर लावून बघ.