पुणे ते सासवड, एक दिवसाची वारी : दिंडीची सोय कशी होती

सुट्टीच्या भानगडीत पूर्ण वारी काही जमत नव्हती, म्हणून मी आणि मावशीने एका दिंडीतर्फे ज्ञानेश्वर माऊलींच्या पालखीबरोबर पुणे ते सासवड एवढा एकच दिवस केला. माणशी सहाशे रुपये भिशी (म्हणजे दिंडीची वर्गणी), त्यात चहा, दुपारचा फराळ, पाण्याचा टँकर, ट्रकमध्ये पिशव्या ठेवायची सोय आणि रात्री पुण्याला परतायला बस. खूप जण विचारतायत म्हणून सविस्तर लिहिते.

पहाटे पाचला भवानी पेठेत पालखी विठोबा मंदिराजवळ बोलावलं होतं आणि दिंडीतले काका खरंच पताका घेऊन उभे होते, शोधावं लागलं नाही. प्रत्येकीला एक चिठ्ठी दिली, त्यावर दिंडीचा नंबर, रथापुढे की रथामागे ते, आणि दोन मोबाईल नंबर. ही चिठ्ठी सोन्यासारखी जपा, कारण हडपसरला एवढी गर्दी असते की हातातला हात सुटतो. तिथेच दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात, तुकोबांची लोणी काळभोरकडे आणि माऊलींची सासवडकडे, आणि चुकलेला माणूस सरळ सोलापूर रोडला लागतो. मावशी चुकलीच, पण चिठ्ठी होती म्हणून एका वारकरी बाईंनी फोन लावून दिला आणि अर्ध्या तासात ती परत दिंडीत.

मला सगळ्यात आवडलं ते या दिंडीचं भजन. एक दिवसाचे लोक आहेत म्हणून मागे ढकललं नाही, तुळस घेतलेल्या बायकांच्या रांगेत जागा दिली, समोर वीणेकरी, त्यांच्यापुढे मृदंग आणि टाळकरी. सकाळी विठ्ठलाच्या रूपाचे अभंग झाले, मग वासुदेव, आंधळे-पांगुळे, गौळणी अशी पदं, सगळं ठरलेल्या क्रमाने, आणि येत नसेल तर शेजारची आजी हातातली वही पुढे करते. आधी एकदा मी नुसतीच रस्त्याच्या कडेकडेने चालले होते, तेव्हा फुरसुंगीपर्यंतच पाय बोलायला लागले होते. यावेळी टाळाच्या ठेक्यावर वडकीपर्यंत कधी आलो कळलं नाही. एकच दिवस करायचा असेल तरी दिंडीतच चाला, मोकळे चालू नका, हे मी अगदी मनापासून सांगते.

एकादशी असल्याने वडकीला साबुदाण्याची खिचडी, राजगिऱ्याचे लाडू, केळी. खिचडी गरम आणि मोकळी होती, पण मागच्या पंगतीला कमी पडली, तिथे गावातल्या लोकांनी शेंगदाण्याचे लाडू आणून वाढले. पाणी मात्र दिवसभर भरपूर.

दिवे घाट म्हणजे चार-एक किलोमीटरची चढण, रथाला जादा बैलजोड्या लावतात, आणि खाली मस्तानी तलावापासून वरपर्यंत नुसत्या पताका दिसतात. इथे दिंडीने मधे थांबू दिलं नाही आणि ते बरोबरच होतं, थांबलं की मागच्यांचा लोंढा अंगावर येतो. मावशी एकसष्ट वर्षांची, गुडघे दुखणारी, तरी एका दमात वर आली, माथ्यावर तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि माझ्याही. बूट नवीन घालू नका, मी जुने सँडल आणि सुती मोजे घातले, एकही फोड नाही. पावसाला डोक्यावरून घ्यायचा प्लॅस्टिकचा कागद पुरतो, छत्री रांगेत शेजारच्याच्या डोळ्यात जाते.

खरी तक्रार परतीच्या बसची. सातला सांगितली होती, आली सव्वादहाला, आणि तेवढा वेळ सासवडच्या पालखीतळाबाहेर चिखलात उभं राहावं लागलं. पालखीमुळे रस्ते वळवलेले असतात हे दरवर्षीचंच आहे, मग वेळ तशी सांगायला हवी होती, आणि फोनही कोणी उचलत नव्हतं. वयस्कर बायकांना बसायला निदान एक सतरंजी तरी हवी होती. त्यापायी एक स्टार कमी, पाचपैकी चार.

पण उशिरामुळे तळावरची समाजआरती, म्हणजे सगळ्या दिंड्यांची एकत्र आरती, मिळाली. लाखभर माणसं टाळ वाजवतायत, सोहळ्याची शिस्त सांभाळणारे चोपदार हातातला चोप (दंड) वर करतात आणि क्षणात सगळं गप्प, फक्त एका दिंडीचे टाळ चालू. म्हणजे त्यांची काहीतरी तक्रार असते, चोपदार जाऊन ऐकून घेतात, मगच आरती. मावशीने माझा दंड घट्ट धरला होता. पुढच्या वेळी बसचे पैसे भरणारच नाही, सासवडला राहायचं, दुसऱ्या दिवशी माऊलींचे धाकटे भाऊ सोपानकाका यांच्या पालखीचं प्रस्थान बघायचं आणि मग एसटीने यायचं, असं तिने तिथेच ठरवून टाकलं.