कोॲक्शियल की कॉम्पोनंट?
गाडीच्या दारांत कोॲक्शियल स्पीकर (ट्वीटर, म्हणजे उंच स्वरांचा छोटा स्पीकर, त्यातच बसवलेला) बसवावेत की कॉम्पोनंट (ट्वीटर सुटा), या पेचात असलेल्यांनी खोक्यावरचा ‘पीक पॉवर’चा ठळक आकडा आधी विसरावा, पाहायचे ते आरएमएस (स्पीकर सतत पेलू शकतो ती पॉवर) आणि सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरवर किती मोठा आवाज निघतो ते). सेन्सिटिव्हिटी 3 डेसिबलने जास्त असेल, तर तेवढ्याच आवाजासाठी निम्मी पॉवर पुरते; म्हणून चॅनेलमागे जेमतेम 15-20 वॉट देणाऱ्या मूळ स्टिरिओवर 92 डेसिबलचे साधे कोॲक्शियल 86 डेसिबलच्या महागड्या कॉम्पोनंटपेक्षा मोठ्याने वाजतात. मात्र कॉम्पोनंटमध्ये ट्वीटर वेगळा असल्याने तो वर, कानांच्या जवळपास बसवता येतो आणि गायकाचा आवाज पायांपाशी न घुटमळता समोरून येतो. त्यासाठी क्रॉसओव्हर (उंच आणि खालचे स्वर वेगळे करून ज्या त्या स्पीकरला देणारे सर्किट), जादा वायरिंग आणि खर्च आलाच. इम्पिडन्स (स्पीकरचा विद्युत विरोध) दोन्हींत बहुधा 4 ओहम. मूळ स्टिरिओ कायम ठेवणाऱ्यांना कोॲक्शियल योग्य. ॲम्प्लिफायर लावून पुढच्या आसनावर बारकाईने ऐकणाऱ्यांना कॉम्पोनंट.