टिळक रोडवरचा आयएफआरएसचा वीकेंड क्लास, पूर्ण करून झाल्यावर लिहितेय

आयएफआरएस म्हणजे हिशोबाचे आंतरराष्ट्रीय नियम, त्याच्या डिप्लोमाची डिसेंबरची परीक्षा झाली, जानेवारीत रिझल्ट लागला, 63 मार्क पडले, पास झाले. तेव्हापासून या क्लासबद्दल लिहायचं डोक्यात होतं पण क्वार्टर एंड, मग ग्रुप ऑडिट, मग घरातलं, राहूनच गेलं. आता नवीन बॅचची चौकशी करणारे दोघं-तिघं भेटले तेव्हा म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकू.

आधी मी कोण ते सांगते म्हणजे माझं मत तुम्हाला किती लागू पडतं ते कळेल. चाकणला गाड्यांचे प्रेस पार्ट बनवणाऱ्या कंपनीत 14 वर्षं अकाउंट्सला आहे, बी.कॉम., सीए इंटर झालेलं, फायनल राहिलेलं. आमची पेरेंट कंपनी जर्मनीत, त्यामुळे इथली बॅलन्स शीट इंड-एएसने (हिशोबाचे भारतातले नियम) आणि दर महिन्याला तिकडे जाणारा ग्रुप पॅक (ग्रुपच्या एकत्र हिशोबासाठीचे आमचे आकडे) आयएफआरएसने. म्हणजे दोन्ही रोज हातात असतात, पण खरं सांगायचं तर इतकी वर्षं मी मागच्या वर्षीची फाईल उघडून तशीच एन्ट्री मारत होते. ऑडिटरने "का?" विचारलं की गप्प.

क्लास सदाशिव पेठेत, टिळक रोडवरून आत वळलं की जुन्या बिल्डिंगचा दुसरा मजला, लिफ्ट नाही. शनिवारी दुपारी 3 ते 7 आणि रविवारी सकाळी 9 ते 1, ऑगस्ट ते नोव्हेंबर. तयारी एसीसीएच्या (ब्रिटनमधली अकाउंटंट्सची संस्था) डिप्लोमाची, म्हणजे डिप-आयएफआरची. त्याला सीए असायलाच पाहिजे असं नाही, डिग्री आणि अकाउंट्सचा 2 वर्षांचा अनुभव असला तरी चालतं, हे खूप जणांना माहीत नसतं म्हणून लिहिलं. परीक्षा वर्षातून दोनदा, जून आणि डिसेंबर, सव्वातीन तासांचा पेपर, 25-25 मार्कांचे 4 प्रश्न, 50 ला पास. क्लासची फी मी 32 हजार भरली दोन हप्त्यांत, एसीसीएची फी वेगळी.

सरांची शिकवायची पद्धत सुरुवातीला मला आवडली नव्हती. पहिल्या शनिवारी वाटलं स्टँडर्ड (हिशोबाचा नियम) 1 पासून सुरू करतील, तर त्यांनी प्रत्येकाच्या हातात 6 पानांचं एक अ‍ॅग्रीमेंट ठेवलं, झेरॉक्स, नावं खोडलेली, आणि म्हणाले वाचा, अर्धा तास कुणी बोलायचं नाही. आम्ही 38 जण, अर्धे तर पेन हातात धरून नुसते बसलो होतो. नंतर त्यांनी विचारलं यात पैसे कशासाठी मिळतायत, कधी मिळतायत, आणि ऑर्डर रद्द झाली तर काय होणार. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर एकालाही आलं नाही, ते पाचव्या पानावर छोट्या अक्षरात होतं. चार महिने हेच चाललं. आधी कागद, मग स्टँडर्ड, सगळ्यात शेवटी एन्ट्री. मी नेमकी उलटीकडून जात होते.

या क्लासला यायचं खरं कारण म्हणजे रविवारचा शेवटचा तास. त्या तासात कुणीही आपल्या कंपनीतला अडलेला प्रश्न आणायचा, नावं झाकून, आणि सगळ्यांनी मिळून तो सोडवायचा. माझा प्रश्न टूलिंगचा, म्हणजे पार्ट बनवायच्या साच्यांचा होता. पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगावला पार्ट सप्लायरकडे काम करणाऱ्या प्रत्येकाला हा कधी ना कधी येतोच म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कस्टमरने नवीन मॉडेलसाठी डाय (प्रेसचा साचा) बनवायची ऑर्डर दिली, 2 कोटी 40 लाखांची. सॅम्पल अप्रूव्ह झाल्यावर 60 टक्के, म्हणजे 1 कोटी 44 लाख, मिळाले. उरलेले 96 लाख पहिल्या 1 लाख 20 हजार पार्टच्या किमतीत घालून, पार्टमागे 80 रुपये. आमच्याकडे 1 कोटी 44 लाख आले त्या महिन्यात सगळे रेव्हेन्यूला (विक्रीच्या उत्पन्नाला) टाकले होते आणि 80 रुपये जसे पार्ट जातील तसे. ऑडिटरची क्वेरी आली की डाय तर तुमच्याच शॉपवर आहे, तुम्हीच वापरताय, मग विकली कशी म्हणता? मला वाटलं झालं, सगळं रिव्हर्स करावं लागणार, आणि जर्मनीला काय सांगायचं या टेन्शनमध्ये मी दोन रात्री झोपले नव्हते.

सरांनी बोर्डवर काही लिहिलंच नाही. नुसतं विचारत गेले. "मॅडम, उद्या कस्टमर म्हणाला डाय उचलून दुसऱ्या व्हेंडरकडे नेतो, तर नेऊ शकतो का? तुम्ही त्याच डायवर दुसऱ्याचे पार्ट मारू शकता का? मॉडेल चाललं नाही आणि 1 लाख 20 हजारांच्या ऐवजी 40 हजारच पार्ट गेले, तर उरलेले पैसे बुडाले का? डायवर प्लेट कुणाच्या नावाची आहे?" मला चारपैकी एकाचंही उत्तर खात्रीने देता येईना. 14 वर्षं त्याच गेटमधून आत जाते मी.

सोमवारी प्रेस शॉपमध्ये गेले. तिथल्या सुपरवायझरने हातमोज्याने तेल पुसून दाखवलं, डायच्या बाजूला रिव्हेट मारलेली पितळी पट्टी, त्यावर कस्टमरचं नाव आणि त्यांचा अ‍ॅसेट नंबर. मग मार्केटिंगकडून मूळ अ‍ॅग्रीमेंट आणि त्याची अ‍ॅनेक्शर मागवली. पान 14 वर स्पष्ट होतं की 30 दिवसांची नोटीस देऊन कस्टमर टूल घेऊन जाऊ शकतो, आणि व्हॉल्यूम कमी पडला तर टूलिंगची उरलेली रक्कम एकरकमी द्यायची. हे पान अकाउंट्सला कधी आलंच नव्हतं, आम्हाला फक्त पीओ (परचेस ऑर्डर) यायचा.

म्हणजे सॅम्पल अप्रूव्ह झालं त्या दिवशी डायवरचा कंट्रोल कस्टमरकडे गेला, डाय दुसऱ्या व्हेंडरकडेही वापरता येते म्हणून ती पार्टपासून वेगळी गोष्ट, आणि आयएफआरएस 15 (रेव्हेन्यूचा नियम) प्रमाणे तिचं रेव्हेन्यू त्याच वेळी, 96 लाखांसकट. पैसे उशिरा मिळणार आणि ते वर्षाच्या पुढे जाणार म्हणून त्यातला व्याजाचा भाग मात्र वेगळा काढायचा. थोडक्यात आम्ही जास्त दाखवलं होतं हा ऑडिटरचा संशय होता, प्रत्यक्षात कमीच दाखवलं होतं.

पुढच्या रविवारी मी खुशीत हे सांगितलं तर सर म्हणाले आता शेजारच्या डायचं अ‍ॅग्रीमेंट आणा. ती दुसऱ्या कस्टमरची. त्यात मालकी आमची, कस्टमरला उचलून न्यायचा हक्क नाही, नुसते आधी दिलेले पैसे. तिथे पूर्ण उलटं, डाय आमच्या फिक्स्ड अ‍ॅसेटमध्ये आणि आलेले पैसे कॉन्ट्रॅक्ट लायबिलिटी (आधी पैसे घेतले, माल द्यायचा बाकी), पार्ट जातील तसं रेव्हेन्यू. वर त्यांनी आणखी एक विचारलं जे मला सुचलंच नसतं, की सगळे पार्ट एकच कस्टमर घेतो आणि कधी किती मारायचे तेही तोच ठरवतो, मग ही डाय आयएफआरएस 16 (लीजचा नियम) खाली त्याला लीजवर दिल्यासारखी होते का ते तपासलंत का? एकाच शॉपवर, एकमेकींना चिकटून ठेवलेल्या दोन डाय, रंग सुद्धा सारखा, आणि हिशोब दोन वेगळे. हा तास मी कधी विसरणार नाही.

लीजचे दोन रविवार पण जबरदस्त झाले. सेल अँड लीजबॅकचं (विकून परत भाड्याने घेण्याचं) एक उदाहरण लिहिते कारण हे मी घरी नवऱ्याला पण समजावून सांगितलं होतं आणि त्यालाही पटलं. भोसरीतली शेड, बुकात 1 कोटी, बाजारभावाने 1 कोटी 80 लाखांना विकली आणि त्याच दिवशी भाड्याने परत घेतली, पुढच्या भाड्याची आजची किंमत 1 कोटी 35 लाख. नफा किती? सगळा वर्ग म्हणाला 80 लाख. सर म्हणाले अहो, 1 कोटी 80 लाखांच्या शेडपैकी 1 कोटी 35 लाखांची शेड तुम्ही स्वतःकडेच ठेवून घेतलीत, म्हणजे 75 टक्के विकलीच नाहीत. विकलं ते 25 टक्के, तर नफाही 80 च्या 25 टक्के, 20 लाख. राईट ऑफ यूज (शेड वापरायचा हक्क) अ‍ॅसेट 75 लाख, लीज लायबिलिटी 1 कोटी 35 लाख. डेबिट-क्रेडिट दोन्ही बाजूला 2 कोटी 55 लाख येतात, करून बघा. आणि याच्याही आधी बघायचं की ही मुळात विक्री आहे का, शेड परत विकत घ्यायचा हक्क ठेवला असेल तर ती विक्रीच धरत नाहीत, मिळालेले पैसे सरळ कर्ज.

बिनव्याजी लोनचंही तसंच. पेरेंटने सबसिडियरीला (तिच्या मालकीच्या कंपनीला) 1 कोटी 5 वर्षांसाठी बिनव्याजी दिले, बाजारात व्याज 10 टक्के, तर लोन आजच्या किमतीने 62 लाख 9 हजारांनी येणार आणि उरलेले जवळजवळ 38 लाख पेरेंटच्या बुकात सबसिडियरीतल्या इन्व्हेस्टमेंटमध्ये. पण अ‍ॅग्रीमेंटमध्ये "मागताक्षणी परत" हे दोन शब्द असले की डिस्काउंटिंग नाही, पूर्ण 1 कोटी. फॅमिलीच्या तीन-चार कंपन्या असलेल्या ग्रुपमध्ये कामाला असाल तर हा भाग अजिबात बुडवू नका.

आयएफआरएस आणि इंड-एएसमधले फरक सर जाता जाता सांगतात, त्याची वेगळी वही करा. उदाहरणार्थ स्वस्तात कंपनी घेतल्यावरचा फायदा आयएफआरएस 3 मध्ये पी अँड एलला (नफा-तोटा पत्रकाला), आपल्याकडे इंड-एएस 103 मध्ये ओसीआयमधून (नफ्या-तोट्याबाहेर दाखवायचं उत्पन्न) कॅपिटल रिझर्व्हला. इन्व्हेस्टमेंट प्रॉपर्टी तिकडे फेअर व्हॅल्यूवर ठेवता येते, आपल्याकडे फक्त कॉस्ट. फॉरेन करन्सीतल्या कन्व्हर्टिबल बाँडचा कन्व्हर्जनचा (शेअरमध्ये बदलून घ्यायचा) हक्क तिकडे सहसा डेरिव्हेटिव्ह लायबिलिटी होतो, आपल्याकडे कार्व्ह-आऊट (मुद्दाम ठेवलेला फरक) आहे, भाव कुठल्याही करन्सीत ठरलेला असेल तर इक्विटी. परीक्षेत आयएफआरएसचंच उत्तर पाहिजे, रोजच्या सवयीने इंड-एएसचं लिहिलं की मार्क गेले. माझ्या शेजारी बसणाऱ्या मुलीचे मॉकमध्ये (सराव परीक्षेत) असेच 6 मार्क गेले.

आता जे खटकलं ते. फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्स फक्त दोन सेशनमध्ये उरकलं, आणि हेजिंग (भाव-करन्सीच्या जोखमीपासून बचाव) तर शेवटच्या 40 मिनिटांत. आयएफआरएस 9 सारखा विषय, ज्यात एक्स्पेक्टेड क्रेडिट लॉस (उधारी बुडण्याचा अंदाज) प्रत्येक कंपनीला करावा लागतो, त्याला हे फार कमी पडलं. उलट कन्सॉलिडेशनला (ग्रुपचे हिशोब एकत्र करण्याला) पाच आठवडे. पहिला 25 मार्कांचा प्रश्न तोच असतो हे मान्य, पण तीन आठवड्यांत झालं असतं. आयएफआरएस 18 चा तर नुसता उल्लेख केला. 1 जानेवारी 2027 पासून सुरू होणाऱ्या वर्षांना तो लागू आहे, पी अँड एलची मांडणीच बदलणार, ऑपरेटिंग, इन्व्हेस्टिंग, फायनान्सिंग असे भाग पडणार आणि तुलनेसाठी 2026 चे आकडे पण तसेच करून लागणार, आमच्यासारख्या ग्रुप पॅकवाल्यांना त्याची गरज आत्ताच आहे. मी सरांना हे समोरासमोर सांगितलं, त्यांनी पुढच्या बॅचला एक पूर्ण रविवार देतो म्हणून सांगितलंय.

नोट्समध्ये टायपिंगच्या चुका आहेत, दोन ठिकाणी आकडे चुकलेत आणि त्यामुळे मी एक संध्याकाळ वाया घालवली. रेकॉर्डिंग मिळतं पण तीन-चार दिवस उशिरा. खोलीत 38 माणसं आणि दोन पंखे, ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये घाम निघतो. गाडी लावायला जागा मिळत नाही, मी सुरुवातीला अर्धा तास फिरत बसायचे, मग नाशिक फाट्याला गाडी ठेवून मेट्रोने मंडईला उतरायला लागले, तिथून चालत, आणि येताना मेट्रोत आदल्या दिवशीचं वाचून व्हायचं. सरांचं मराठी-हिंदी-इंग्लिश मिक्स असतं, बाहेरगावची मुलं असली की हिंदी जास्त.

कुणी यावं? प्रत्यक्ष काम करणारे, हातात खरे कागद असलेले. नुसतं पास व्हायचंय आणि झटपट पाहिजे त्यांना हा क्लास संथ वाटेल, आमच्यातले सात-आठ जण मध्येच सोडूनही गेले. मी 5 पैकी 4 देते, फायनान्शियल इन्स्ट्रुमेंट्स नीट झालं असतं तर पाच दिले असते.

आणि हो, ऑफिसमध्ये मी एक नियम करून घेतला, पीओबरोबर पूर्ण अ‍ॅग्रीमेंट अकाउंट्सला आल्याशिवाय टूलिंगचं बिल निघणार नाही. सुरुवातीला मार्केटिंगवाले वैतागले होते. परवा त्यांच्यातला सगळ्यात नवीन मुलगा एका डायचं अ‍ॅग्रीमेंट सही व्हायच्या आधीच घेऊन आला, टूल परत न्यायच्या क्लॉजला त्याने स्वतःच पेन्सिलने खूण केली होती, म्हणाला, "ताई, हे असं लिहिलंय, चालेल ना?"